घासलेला आकडा

न्यू बेडफर्डला, पोलीस ठाण्यामागे
एक पत्र्याची खोली आहे. तिथे माझी नोकरी :
पुसलेलं वाचणं.

आज एक मोपेड आली. निळी, चाकांना मासळीचा वास.
सोबत जिल्सन मोंतेरो, वय एकोणीस,
शिंपल्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाणारा.
दीडशे डॉलरला घेतली म्हणाला, रोख, एका बंद दुकानासमोर.
नंबराची जागा बघितली नव्हतीस?
"बघितली. गुळगुळीत होती.
वाटलं, जुनी झाली की अशीच होत असेल."

चोरलीस का, हा प्रश्न वेगळा.
नंबर खोडलेली गाडी जवळ असणं
आणि ते ठाऊक असणं,
कायद्याला एवढं पुरतं.
त्या "ठाऊक"वर वकिलांची
घरं चालतात.

मी कानशीचे ओरखडे पॉलिश करते,
मग आम्ल, कापसाच्या बोळ्याने, सावकाश.
ठोकताना लोखंड आतपर्यंत दबलेलं असतं.
वरचं घासून जातं. दबलेलं राहतं.
चार मिनिटांनी आठ वर आला,
मग सात, मग काहीतरी,
जे तीनही असेल.
फोटो लगेच काढायचा. पुन्हा बुडतात ते.

मालक निघाला आर्मां बोशां,
तक्रार अकरा वर्षांपूर्वीची. तो वारला.
त्याची बायको ल्युसिल आली, चर्चला जायचा कोट घालून.
"आमची हिरवी होती," म्हणाली,
आणि मडगार्डवर नख ओढलं.
निळ्याखालून हिरवा.

खूप वेळ काही बोलली नाही.
मग : "तो मुलगा आता कामावर कसा जातो?"
चालत. अडीच मैल.
"पहाटे?"
पहाटे.
"मग देऊन टाका त्याला."

देता येत नाही. ती आता पुरावा आहे,
हँडलला पिवळी चिठ्ठी, तारीख लागेपर्यंत इथेच.
"आणि तारखेनंतर?"
तुमची. नवा नंबर ठोकून मिळेल.
"मग मी त्याला उसनी देईन.
उसनी देण्याविरुद्ध आहे का काही?"

मी पुस्तक उघडलंय. अजून सापडलं नाही.
खिडकी उघडी ठेवलीय, आम्लाचा वास जात नाही.
आणि तो सात, एव्हाना बुडायला हवा होता,
अजून दिसतोय.