दोन ग्रॅम

पावणेतीन वाजलेत. काल्यारीच्या बंदरावर
माएस्त्राले वारा डोलकाठ्यांवर दोरखंड आपटतोय.
खाट नऊ: आंतिओको पोर्कू, शहात्तर, मेंढपाळ.
मान लाकूड झालेली, ताप उतरायला तयार नाही,
आणि मणक्यातून काढलेलं पाणी
गढूळ.

मी कुपीत पाणी सोडते, हलवते.
पांढरी पूड विरून फिकट पिवळी होते,
उन्हाळ्याअखेरच्या गवतासारखी.
सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, दोन ग्रॅम, दर बारा तासांनी.
शिकाऊ लोरिस कॅल्शियमच्या सलाइनकडे हात नेतो.
त्या नळीतून नको रे, मी म्हणते, त्या दोघांचं पटत नाही,
नळीतच खडे धरतात.

माझे वडील गवंडी होते,
त्यामुळे परीक्षेत मला एवढं एकच नीट समजलं होतं:
जंतू सतत स्वतःची भिंत बांधत असतो.
हे औषध गवंड्याच्या हातात
विटेच्या मापाचं काहीतरी देतं,
आणि तो हात पुन्हा उघडत नाही.
भिंतीला भगदाड पडतं, आत पाणी शिरतं,
घर फुटतं. आपल्या पेशींना भिंतच नाही,
म्हणून आपण वाचतो.

याचे थोरले भाऊ कातडीपुरते. चिरा देण्याआधी
तासाभरात टोचायचे, टाके पिकू नयेत म्हणून.
हा धाकट्यांतला; मेंदूला सूज आली
की त्याच्या बंद दारातूनही आत जातो.

आणि हे सगळं कुठून आलं, लोरिस?
इथून चालत वीस मिनिटांवर, सु सिक्कूला,
जिथे शहराचं सांडपाणी समुद्रात पडायचं
आणि पोरं त्याच्याच कडेला पोहायची.
विषमज्वर गावभर, पोरं मात्र धडधाकट.
एका डॉक्टरला ते खटकलं.
त्याने बाटली भरून गटाराचं पाणी नेलं,
त्यातल्या बुरशीने बशीतल्या जंतूंना
हातभर लांब ठेवलं.
पुढचं काम दूरच्या थंड गावांनी केलं,
कुपीवर आमचं नाव नाही.
वास मात्र आमचाच होता.

लोरिस हसतो. मग म्हणतो, वास इथेही येतोय.

खाटेखाली पिशवी. पिशवीत फडकं.
फडक्यात मेंढीच्या कच्च्या दुधाचं चीज,
चार दिवसांचं, ओलसर, अर्धं खाल्लेलं.

मी फोन उचलते. डॉक्टर ओर्रू झोपेत
एकच शब्द बोलतात: लिस्टेरिया.
म्हातारा माणूस, कच्चं दूध, आणि त्या जंतूचा गवंडी
आमची वीट हातातच घेत नाही.
दोन ग्रॅम काय, दोन किलो दिले तरी
तो शांतपणे बांधत राहील.
हे थांबवू नका, त्या म्हणतात, सोबत अ‍ॅम्पिसिलिन द्या.

फाइलवर लाल शाईत: पेनिसिलिन चालत नाही.

सव्वातीनला मी आर्मुंजाला फोन लावते.
त्याची बहीण, एक्क्याऐंशीची, पहिल्याच रिंगला उचलते.
जागीच होती.
पुरळ आला होता का? सूज? श्वास अडकला होता?
छे गं, ती म्हणते, सहा वर्षांचा होता,
सुईला घाबरून माझ्या नव्या बुटांवर ओकला.
सत्तर वर्षं ती ओकारी
लाल शाईत लिहिली जात होती.

डॉक्टर तरी सावध: पहिली धार हळू,
एक डोळा घड्याळावर, एक छातीवर,
अ‍ॅड्रेनालिन ट्रेमध्ये.
दहा मिनिटं. वीस.
काही होत नाही. काही न होणं
किती वेळ चालतं.

उजाडताना खाजणावरून फ्लेमिंगोंची रांग जाते.
इथे त्यांना लाल माणसं म्हणतात.
आंतिओको एक डोळा उघडतो, खाटेखाली चाचपतो.
माझं चीज?

प्रयोगशाळेत आहे, मी सांगते.
बशीत वाढतंय.
तो नाराज होतो, आणि मला ते
रात्रभरातलं पहिलं चांगलं लक्षण वाटतं.