निशाणी डावा अंगठा

ऐरोलीत, रात्रपाळीच्या आधी
लुर्डीस मॅडम फळ्यावर लिहितात: से वेंदे.
विकणे आहे.
कोण विकतंय, ते वाक्याला ठाऊक नसतं.

मला सोपं जातं.
आमच्या गोठिवलीत सगळं असंच घडलं.
आजोबांच्या कापडी पिशवीत, रेशनकार्डाच्या मागे
घडीवर फाटलेला कागद आहे:
सदर जमीन संपादित करण्यात आली.
मिठागर बुजवण्यात आलं, ते तर
लिहिण्यातही आलं नाही.

से मे कायो, मॅडम म्हणतात.
ग्लास पडला, माझ्या हातून,
पण मी पाडला नाही हं.
ग्लासच तसला!
वर्ग हसतो.
मी वहीत ‘हातून’खाली रेघ मारते.

गृहपाठ: पाच वाक्यं, कर्ता घालून.
चार जमली. पाचव्याला
तोच कागद स्पॅनिशमध्ये उतरवून नेला,
क्रियापदाआधी बोटभर जागा सोडून.
मॅडमनी लाल शाईत विचारलं: किएन?
कोण?

घरी येऊन पुन्हा वाचला, शिक्क्यासकट.
कर्ता असलेलं वाक्य एकच निघालं,
अगदी तळाशी, दुसऱ्याच्या अक्षरात:
मी, हेंदर नामा मढवी,
रक्कम रोख घेतली.