टाकीतला समुद्र

लाँग बीचचं जुनं थिएटर, बुधवारची दुपार,
माणसं अकरा. त्यातली एक मी.
पडद्यावर चाचे, तलवारी, फाटक्या बाहीचा नायक;
चंद्र इतका खोटा
की मागची पोरं खिदळली.

मी बघते डावा कोपरा.
तिथे, चौकटीच्या जरासा बाहेर,
माझा बाप अन्सेल्मो, गुडघाभर पाण्यात,
लाकडी दांडा ढकलतोय :
लाट. थांब. लाट.
घरी यायचा पांढरीफटक बोटं घेऊन,
आईशी न बोलता जेवायचा.

आता डोलकाठीखाली ती दोघं
ओठांशी ओठ आणतात,
आणि एक लाट
उशिरा येते.

खोकला असणार तेव्हा.
त्याच हिवाळ्यात जडलं ते दुखणं.

बाहेर पडताना तिकीटवाल्या पोराला विचारलं,
शुक्रवारी परत आहे का हा?