अठरा नखं

रविवारी गुजरी बंद.
शटर अर्धं वर, दिव्याची मान खाली ओढलेली,
आणि ज्या पाटावर मी साजाची पानं जोडतो
तिथं टॉवेलात गुंडाळलेला ढब्बू.
एकच पाय बाहेर.

"काका, हळू हं," म्हणते मृण्मयी.
चाळीस वर्षं हळूच करतोय गं.

घर तिसऱ्या मजल्यावर. गुळगुळीत फरशी.
सशानं उकरायचं काय?
नखं वाढत राहतात आपली,
कधीतरी माती लागेल या आशेवर.
परवा गादीच्या खोळीत एक अडकलं,
क्षणभर लोंबला, पण आवाज नाही केला.
सोनंही ओरडत नाही.
पण त्याला दुखत नाही.

शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं एवढंच:
नखामागं उजेड धरा.
गुलाबी रेघ दिसेल, ती शीर.
तिच्या अलीकडं थांबा.

बॅटरी धरली,
आणि पांढऱ्या नखात खरंच
माणकात असते तशी लाली.
फक्त ही हलत होती.
माझ्या चिमट्यात खडा कधी असा हलला नाही.

कट्.
साजाला पानं एकवीस, ढब्बूला नखं अठरा.
मागं चार-चार, पुढं पाच-पाच.
पुढचं पाचवं आतल्या अंगाला, केसांत दडलेलं.
ते विसरतात लोक,
मग ते वळत वळत स्वतःच्याच कातडीत शिरतं.
आमच्या घरात असं एक माणूस होतं.
असो.

चौदा झाली.
मग मागचा डावा पाय,
तिथली चारही काळी.

काळ्या नखात उजेड जात नाही.
माझ्या डोळ्यात मोती पिकायला लागलाय
(साजात चालतो, डोळ्यात नाही).
अंदाजानं धरलं.
अंदाजानंच कापलं.

टॉवेलातून एक झटका
आणि नखाच्या टोकाला थेंब,
गुंजेएवढा. गुंजेसारखाच:
लाल, वर काळा ठिपका.

मृण्मयी काही बोलली नाही.
न बोलणं तिनं ढब्बूकडनंच घेतलंय.
दाढीची तुरटी दाबून धरली, शंभर मोजले.
बोटाखाली त्याचं काळीज.
भाता मी चालवतो तेव्हा चालतो,
हे आपलं आपण,
इतकं जलद की माझे आकडे मागं पडले.

आमचे आबा वाघनखं मढवायचे,
कायदा यायच्या आधी.
गगनबावड्याकडनं, राधानगरीकडनं माणसं यायची,
धोतराच्या सोग्यातनं नख काढायची.
लेकराच्या गळ्यात बांधायचं, भ्यायला नको म्हणून.
आबा म्हणायचे,
"निम्मी शिंगाची असतात लगा,
पण पोरं त्यानंबी भ्यायची थांबतात."

सशाचं नख कोण बांधणार?

रक्त थांबलं. ढब्बूनं माझा अंगठा हुंगला,
लाख, सवागी, तुरटी, आणि स्वतःचं रक्त,
आणि चाटला.
याला भित्रा म्हणायचं की काय म्हणायचं,
मला ठरवता आलं नाही.

"उरलेली तीन उद्या डॉक्टरीणबाईंकडं," मी म्हटलं.
हे मला जमणार नाही,
असं या पाटावर बसून पहिल्यांदाच म्हटलं.

कापलेली काट्यावर ठेवली, सवयीनं.
दीड गुंज.
"किती रुपये?" मृण्मयीनं विचारलं.
मग दोघं हसलो, ढब्बूला सोडून.
नखं केरात गेली. आमचा केर टाकत नाहीत,
झारेकरी नेतो, धुतो, गाळतो.
सोन्याच्या एखाद्या कणाशेजारी त्याला मिळतील
पंधरा चंद्रकोरी.
तो उजेडात धरून बघेल
आणि फेकून देईल.

रात्री फरशीवर ती टिकटिक नव्हती.
इतके दिवस तिच्यानं झोप मोडायची,
आज तिच्यावाचून लागेना.
मग अंधारात, स्वयंपाकघराच्या बाजूनं,
एका पायाची आली.
टिक.
बराच वेळ काही नाही.
टिक.
बरं झालं, म्हटलं, तीन राहिली.