डावा खळगा

नोव्हेंबरातलं कामेओका. दहा वाजले तरी
धुक्यानं डोंगर परत दिलेला नाही.
तोकिवा सायकलवरून आला, ओल्या टॉवेलात सुरी गुंडाळून.
मासे कापायची, हातभर लांब, एकाच बाजूनं धार.
"मशीनवर लावून घेतली," म्हणाला, आणि मान खाली घातली
गृहपाठ विसरलेल्या पोरासारखी. वय बावन्न.

मी पातं दिव्याखाली तिरपं धरलं.
धार होती. कागद कापला, केस कापला.
पण सगळं पातं नव्या भांड्यासारखं चकचकत होतं,
लोखंड कुठे संपतं, पोलाद कुठे सुरू होतं,
काही कळू देत नव्हतं.
"फाक दुपारपर्यंत मलूल पडते, फुसाए-सान.
गिऱ्हाईक बोलत नाही. बशीत ठेवून उठतं."

फळीवर दगड सोळा.
चौदा मी विकत घेतलेले. एक कुणीतरी विसरून गेलेला.
एक वडिलांचा.

वडील खाणीत होते. डोंगराच्या पोटात गुडघ्यांवर जायचे,
हातोडीच्या दांड्यानं थर वाजवून बघायचे,
कलिंगड वाजवतात तसे.
हा जुन्या समुद्राचा तळ आहे, म्हणायचे,
म्हणून तर माशांच्या सुऱ्या ओळखतो.
खाण बंद पडली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी हा मिळाला.
पिवळसर राखाडी, पेअरच्या सालीसारखे ठिपके,
पाणी मुरून पापुद्रे सुटू नयेत म्हणून कडांना लाख.
एकवीस वर्षं त्यांनी वापरला. ते गेल्यावर नऊ वर्षं
मी फक्त पुसून ठेवला.

कारण मध्यापासून जरा डावीकडे एक खळगा आहे.
डोळ्यांना दिसत नाही, बोटाला सापडतो.
वडील डावरे होते.
शाळेत छड्या मारून त्यांना उजव्या हातानं लिहायला शिकवलं.
दगडाला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

खळगा असलेल्या दगडावर अशी सुरी लावता येत नाही.
आणि खळगा भरताही येत नाही.
एवढंच करता येतं, की भोवतालचं, जे झिजलं नाही,
ते सगळं त्याच्या पातळीला उतरवायचं.

पेन्सिलीनं दगडावर चौकटी आखल्या.
पाणी शिंपडलं. सपाट पाटी ठेवून घासू लागले.
ओल्या मडक्याचा वास आला.
आधी कोपऱ्यांतल्या रेघा गेल्या, मग कडेच्या.
मधल्या तीन राहिल्या, डावीकडे,
जणू तिथे अजून कुणी हात ठेवून बसलं होतं
आणि मी त्या हाताभोवतीनं पुसत होते.

थांबले.
तोकिवा म्हणाला, "एवढं चालेल की."
त्याला चालेल. सुरीला नाही चालणार.
वडील असते तर काहीच बोलले नसते,
मला बाजूला सारून स्वतः घासत बसले असते.

तिसरी रेघ गेली तेव्हा चहा गार झाला होता.

दगडावर ताकासारखं पांढरट पाणी साचलं होतं.
ते मी नळाखाली सोडलं नाही.
त्यातच पातं टेकवलं, दोन बोटं दाबून,
मागे, पुढे, मागे.
आधी खरखर. मग कुजबुज. मग तीही नाही.
पुसून पाहिलं, तर लोखंडावर धुकं उतरलेलं,
आणि त्याच्या काठानं पोलादाची रेघ, लख्ख,
पहाटेच्या होझू नदीइतकी बारीक.

तोकिवा बराच वेळ काही बोलला नाही.
मग पैसे विचारले. मी नेहमीचेच सांगितले.

दगड आता सपाट आहे.
पुन्हा खळगा पडेल, या वेळी उजवीकडे.
वीसेक वर्षं लागतील. मी एकसष्टची.

बशीत चमचाभर गाळ उरला आहे.
झाकून ठेवलाय.
उद्या न्हाव्याचा वस्तरा यायचा आहे.