नग चार

पंचनाम्यात तसंच लिहिलंय :
'स्पीकर, काळे, मोठे, नग चार.
पैकी एकाची जाळी फाटलेली.'
जाळी आधीच फाटली होती साहेब,
तळवलीच्या हळदीत कुणीतरी लाथ घातली होती.
पण तेव्हा कोण ऐकतंय.

पावण्याची ती रंगाची कंपनी बंद पडून तीन वर्षं झालेली.
जमिनीवर गुलाबी डाग, कशानेच न जाणारे.
मला सांगितलं होतं, वाढदिवस आहे.
मी जनरेटर लावला, वायरी ओढल्या,
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं
आणि बसलो, गाणं कधी सुरू होतंय बघत.
ते सुरू झालंच नाही.
रात्रभर नुसता ठोका.
शब्द नाही, कडवं नाही,
मध्येच माइक घेऊन कुणा नगरसेवकाचे आभार नाहीत.
दोनच्या सुमारास लक्षात आलं,
माझा पाय हलतोय.

आमच्या गावात पहिला प्रश्न : कुणाचा रे तू?
तिथे कुणी विचारलं नाही.
कोपरखैरण्याचा एक माथाडीचा पोरगा होता,
नेरूळहून ड्यूटी संपवून आलेली नर्स, चपला हातात,
आणि नखांना चमकी लावलेला एकजण,
जनरेटरच्या उबेला बसून रडत होता.
म्हणाला, दादा, आज कुणी हसलं नाही मला.
मी त्याला माझ्यातला अर्धा वडापाव दिला.
दुसरं काय देणार.

एक मुलगी पडली ती उठेचना.
तिच्याबरोबरचे पळाले, गाडीसकट.
मी आणि त्या नर्सने तिला कुशीवर वळवलं,
उजाडेपर्यंत तिचा श्वास मोजत बसलो.
हेही होतं त्या रात्रीत.
हे प्रांजलला मी अजून सांगितलेलं नाही.

मग पोलीस. मग पेपरात फोटो,
ओढण्यांनी, शर्टांनी झाकलेली तोंडं, ओळीने.
माझ्या आईला घणसोलीच्या मच्छी मार्केटात विचारलं,
हिरामण सुटला का?
ती पापलेटाचे खवले काढत राहिली.
सात महिने स्पीकर चौकीच्या आवारात.
सोडवायला गेलो तर एकात कोंबडीने अंडी घातलेली.
हवालदार म्हणाला, पिल्लं निघेपर्यंत थांब.
थांबलो.

आता प्रांजल एकवीस वर्षांची.
विचारते, पप्पा, तुम्ही खरंच होता तिथे?
जणू मी मिठाच्या सत्याग्रहात होतो.
खड्ड्यात ओतलं तेवढंच माझं मीठ.
तिने तो फोटो टी-शर्टवर छापलाय.
झाकलेली तोंडं, खाली बारीक अक्षरात साल.
किती भारी आहे ना, म्हणते.
डावीकडून तिसऱ्याचा हात दिसतो,
नखं काळी-पांढरी छापून आलीत,
पण चमकी कुठे होती ते मला माहीत आहे.
त्याला कुणी विचारलं का, छापू का म्हणून?
हे मी बोललो.
ती गप्प झाली. मग म्हणाली, त्याचं नाव काय होतं?
तेच तर. नाव कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी तिने सीवूड्सला नेलं.
सकाळी सात ते नऊ, तिकिटात एक कॉफी,
मनगटाला कागदी पट्टा, दारू नाही, धूर नाही.
कोपऱ्यात शोभेला माझा एक स्पीकर,
वर मनीप्लांट. वायर कुठेच जोडलेली नाही.
सगळ्यांच्या कानांवर हेडफोन.
मलाही दिला होता, मी गळ्यात अडकवला.
दीडशे पोरं नाचत होती
आणि खोलीत आवाज होता फक्त बुटांचा :
रबर, लादी, रबर, लादी,
कुणाचा तरी उसासा, एक नाणं पडलं.
इतकी वर्षं आवाज भाड्याने दिले,
हा कधी ऐकला नव्हता, माझ्याच आवाजाखाली असणार तो.

एका पोराची बाटली हातोहात फिरत होती.
माझ्यापर्यंत आली. मी प्यायलो, पुढे दिली.
प्रांजल लांबून खुणेने विचारत होती,
ऐकू येतंय का?

मी मान हलवली.
संध्याकाळी दिव्याला हळद आहे,
मनीप्लांट उचलून
तो स्पीकर तेवढा टेम्पोत घालायचाय.