जकात नाका, शिरपूर रोड

आम्ही सहा जण. समिती म्हणवून घ्यायला लाज वाटते,
पावतीपुस्तक मात्र छापून घेतलंय.
जिजाबराव निकुंभ, निवृत्त सर्व्हेअर,
मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवलेल्या विमलताई भावसार,
यासीन पिंजारी, ज्याच्या गादीच्या दुकानात सभा भरते,
कारण तिथं बसायला कधी कमी पडत नाही.
दोघं फक्त चहाला येतात. उरलो मी.

वाचवायचं काय, तर दहा बाय बारा.
काळा दगड, एक खिडकी,
आणि एक लोखंडी दांडा, जो पंचवीस वर्षं
आकाशाकडे बोट दाखवून गंजतोय.
किल्ला असता तर वर्गणी जमली असती.
देऊळ असतं तर एव्हाना भंडारा झाला असता.
साऱ्या चोपड्यात एक माणूस दाखवा
ज्याचा जकात नाक्यावर जीव आहे.

माझा आहे की नाही, मलाही सांगता येत नाही.
अकरा वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला होतो.
कापसाच्या गाड्या, मिरचीची पोती,
केळीचे ट्रक, पहाटे तीनला दिवे विझवून येणारे.
पैसे घेतले, पावती फाडली. शिव्याही घेतल्या,
त्यांची पावती नव्हती.

मुख्याधिकारी भला माणूस. बसवलं, विचारलं,
‘याचं ऐतिहासिक महत्त्व काय?’
निकुंभांनी टेप काढली: भिंत अठरा इंची.
विमलताई म्हणाल्या: चुना, गूळ, बेलफळाचा गर.
यासीन म्हणाला: साहेब, चारनंतर सावली पडते.
मी गप्प.
माझ्याजवळ महत्त्व नव्हतं, नुसती सवय होती.

मग एका रविवारी
दात घासायचे जुने ब्रश घेऊन आम्ही भिंतीला लागलो.
चुन्याचे सात पापुद्रे गेले आणि अक्षरं वर आली.
कापूस, बैलगाडीस.
गूळ, ढेपेस.
आणि अगदी तळाशी, दुसऱ्याच कोणाच्या हातानं,
मोहफुलं, चारोळी, डिंक, जळण:
डोईच्या ओझ्यास.
पुढचा आकडा पुसलेला.
एक पैसा की दीड, यावर आमचा तासभर वाद.

कोपऱ्यावर रेलीबाई पावरा सीताफळं विकते.
ती उठून आली. भिंतीकडे तिनं पाहिलंही नाही.
वाकली, पायरीवर हात ठेवला,
दगड जिथं खोलगट झालाय तिथं.
आम्हाला वाटायचं, शिपायांच्या बुटांनी झिजला.

‘आठे मनी माय भारा टेके.
डोंगरवरथीन पायी ये.
पैसा नही ऱ्हायना ते भाराच ठी लेत.’

कोण ठेवून घ्यायचं, ते तिनं सांगितलं नाही.
मी ब्रश खिशात घातला.

विमलताईंनी विचारलं, मग पाडू द्यायचं का, बाई?
ती हसली असेल. पदर तोंडावर होता.
‘ऱ्हाऊ द्या. लोकेस्ले दखाले जोयजे.’
एवढंच. मग पाच सीताफळांचे तीस रुपये घेतले,
त्यातलं एक दबलेलं निघालं, ते स्वतःच बदलून दिलं.

रात्री अर्ज पुन्हा काढला.
‘ऐतिहासिक महत्त्व’ या रकान्यात
निकुंभांच्या वळणदार अक्षरात होतं:
दगडी बांधकामाचा उत्तम नमुना.
खोडलं नाही. खाली लिहिलं: पायरी.
आणि कंसात माझं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं.
निकुंभ म्हणाले, हे कशाला?
म्हटलं, राहू द्या.

अजून उत्तर नाही. समोर खडीचा ढीग येऊन पडलाय,
वर पोरं घसरगुंडी खेळतात.
यासीननं दांड्याला तीन दिवस तेल पाजलं.
काल तो हलला, किरकिरत खाली आला,
पुन्हा वर गेला.
रस्त्यावर तेव्हा फक्त एक शेळी होती.
तिला आम्ही जाऊ दिलं.